मैदानाची चावी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातल्या बायकांनी रोज चालावं म्हणून पत्रकं वाटलीस, तीन व्याख्यानं ठेवलीस, पावलं मोजायच्या स्पर्धेचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढलास. पहिल्या आठवड्यात साठ बायका होत्या, सहाव्या आठवड्यात सात उरल्या. आणि आता लिहितेस, ‘आपल्या लोकांना स्वतःच्या तब्येतीची पर्वाच नाही.’

हेच वाक्य मी १९९४ साली एका अहवालात लिहिलं होतं, म्हणून मला ते सहन होत नाही. मधुमेहाच्या शिबिरात मी वस्तीतल्या बायकांना रोज अर्धा तास चालायला सांगायचे, आणि न चालणारीला पुढच्या खेपेला सगळ्यांदेखत रागवायचे. एकीनं विचारलं, ‘चालू कुठं, बाई? पहाटे अंधार, संध्याकाळी नाक्यावर पोरं.’ मी म्हटलं, सबबी सांगू नकोस. ती पुन्हा आली नाही. तिचं नावही मी लक्षात ठेवलं नाही, हे अजून टोचतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: आधी रस्ता बघ, मग माणूस.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांचा १९५३ चा अभ्यास तू शिकली आहेस. लंडनच्या दुमजली बसमध्ये बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. पुढे गणवेशांची मापं तपासली तेव्हा चालकांच्या कमरा मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही, आणि ते मॉरिस यांनी स्वतःच मांडलं. तरीही परीक्षेपुरतं वाचून सोडलेली गोष्ट बघ. त्या कंडक्टरांना व्यायामाचं महत्त्व कुणी पटवलं नव्हतं. जिना त्यांच्या कामातच होता.

कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिचंही तसंच. १९७४ पासून तिथे काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे करायला लागले. आता दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे असतात. पन्नास वर्षं ते टिकलं, कारण रस्ता दर आठवड्याला, ठरल्या वेळी, खरोखर मोकळा होतो.

अमेरिकेतल्या ‘कम्युनिटी गाइड’ या सार्वजनिक आरोग्याच्या शिफारशींच्या संग्रहासाठी तज्ज्ञांनी लोकांची हालचाल वाढवायच्या एकेका उपायाचा पुरावा तपासला आहे. नुसत्या प्रसारमाध्यमांतल्या मोहिमांसाठी त्यांना पुरेसा पुरावा सापडला नाही. जागा उपलब्ध करून देणं, चालणाऱ्यांचे सोबतीचे गट बांधणं, यांची त्यांनी शिफारस केली. लिफ्टशेजारी ‘जिना वापरा’ अशी पाटी लावण्याचीही केली, कारण ती पाय उचलायच्या क्षणी समोर असते. तुझी पत्रकं स्वयंपाकघरातल्या डब्याखाली गेली, पोरी. आधी रस्ता बघ!

सात जणी उरल्या म्हणून रडतेस, पण त्या सात जणी का टिकल्या ते विचारलंस का? माझा अंदाज आहे, त्या एकाच गल्लीतल्या असतील, एकमेकींना हाक मारून निघत असतील. ती सोबत हाच तुझ्या मोहिमेतला खरा उपाय होता, आणि तू त्याला उरलासुरला गाळ समजलीस. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल नसलेल्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के होतं, बायकांचं ५७ टक्के. हा फरक बायका जास्त आळशी म्हणून आहे, असं तुझ्या तोंडून मला ऐकायचं नाही.

मी चार वर्षं एका मैदानाच्या दिव्यांसाठी आणि बायकांच्या स्वच्छतागृहासाठी अर्ज केले. बरोबरीचे शोधनिबंध छापत होते. मला सांगितलं गेलं की हे डॉक्टरचं काम नाही. बढती गेली. ते डॉक्टरचंच काम होतं, आजही मी तेच म्हणेन. गोळ्या लिहून देण्याइतकंच ते काम होतं.

चुकले ते दुसरीकडे. दिवे लागण्याआधी आठवडाभर संध्याकाळी सहा ते आठ फाटकापाशी बसून बायका मोजल्या, दिवे लागल्यावर पुन्हा मोजल्या. संख्या वाढली. पण बिनदिव्यांच्या शेजारच्या मैदानावर मोजलं नाही. ते उन्हाळ्याचे दिवस होते, सुट्ट्या होत्या, त्यामुळे वाढ दिव्यांमुळेच झाली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अधिकाऱ्यांनी नेमकं तेच विचारलं आणि दुसऱ्या मैदानाचे दिवे राहिले ते राहिलेच. तू दोन्हीकडे मोज. पावसाळ्यात आकडा पडेल, तोही लिही.

व्याख्यानं बंद कर. त्या सात जणींबरोबर त्यांच्या वेळेला, त्यांच्या वाटेनं चाल. पदपथावर दुचाकी कुठे लावतात, कुत्री कुठे अंगावर येतात, दिवा कुठे गेलाय, त्या कुठून मागे फिरतात, हे वहीत लिहून घे. त्यांना उपदेश करू नकोस.

तुझ्या पत्रात शेवटी ओझरतं आलंय की वॉर्डातल्या शाळेच्या मैदानाला साडेपाचनंतर कुलूप असतं. सगळ्या पत्रात कामाची ओळ तेवढीच होती. ती चावी कुणाकडे असते ते उद्या विचार आणि मला फोन कर. मी येते तुझ्याबरोबर.

तुझी,
डॉक्टरबाई