रीलमधली थेरपी आणि समोरचं मूल

प्रश्न : मी कोथरूडला स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. इन्स्टाग्रामवर परदेशी थेरपिस्टच्या रोज नव्या कल्पना दिसतात. त्यातलं काय घ्यावं?

खेळ जरूर घ्या. उच्चारांच्या याद्या आणि सूचना मात्र जशाच्या तशा घेऊ नका. इंग्रजी कार्डांत ळ नसतो. ‘चाक’मधला च वेगळा आणि ‘चिमणी’तला वेगळा, हा भेदही त्यांत सापडणार नाही. र तर फारच फसवा. अमेरिकन र साठी जीभ मागे गोळा करायला किंवा टोक मागे वळवायला शिकवतात. आपल्या र ला जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर चटकन थडकावं लागतं. तिकडची युक्ती इकडे वापरली, तर मूल मेहनत करून चुकीचा र शिकेल.

एखादी उपचारपद्धत पटली, तर तिच्यामागे कोणता अभ्यास आहे ते आधी शोधा. वैद्यकीय संशोधन शोधायला पबमेड ही वेबसाइट आहेच. शिवाय सिडनीत सुरू झालेला ‘स्पीचबाइट’ हा आपल्याच क्षेत्रातल्या उपचारांच्या संशोधनाचा संग्रह आहे. सांगणाराच त्या पद्धतीचा कोर्स विकत असेल, तर दुप्पट तपासा. आणि मराठी चित्रं, मराठी शब्दयाद्या तुम्ही स्वतः तयार केल्यात, तर त्या इतरांनाही पाठवा. त्यांची आपल्याकडे खरी वानवा आहे.

प्रश्न : मी जुन्नर भागात एकटीच आहे, विचारायला जवळ कुणी सीनियर नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर केस टाकली तर चालेल का?

टाका. एकटीनं अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारलेलं केव्हाही चांगलं. पण ‘मूल नीट बोलत नाही, काय करू?’ असं लिहिलंत, तर उत्तरंही तशीच मोघम येतील. असं लिहून बघा : ‘वय साडेचार. घरी मराठी, शाळा इंग्रजी. श्रवणचाचणी नॉर्मल. क च्या जागी त. काकाला ताता, वाकडाला वातडा. मी दोन्ही म्हटले तर फरक ओळखतो. माझ्यामागून एकटा क म्हणायला लावला तरी जमत नाही.’ यावर अनुभवी माणूस लगेच कामाचं बोलू शकेल.

नाव, शाळा, फोटो, रिपोर्टचा फोटो यातलं काहीच नको. लहान गावात ‘सरपंचांचा नातू’ एवढं लिहिलं तरी मूल ओळखू येतं. मुलाचा आवाज हीसुद्धा ओळखच आहे. रेकॉर्डिंग ऐकवायचंच असेल, तर पालकांना विचारून, एकाच विश्वासू सीनियरला ऐकवा.

प्रश्न : आईवडिलांनी लेखी परवानगी दिली, तर सेशनचा व्हिडिओ क्लिनिकच्या पेजवर टाकावा का?

माझं मत स्पष्ट आहे : टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. पण कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. ज्यांच्या हातात आपल्या लेकराचं बोलणं आहे, त्यांना आईबाप ‘नाही’ कसं म्हणतील? तो होकार मोकळ्या मनाचा नसतो. आणि अडखळत बोलणाऱ्या मुलाचा व्हिडिओ तो दहावीत गेल्यावर वर्गातल्या कुणाला सापडला, तर? बाहुली घेऊन, किंवा सहकाऱ्यासोबत बसून तंत्र दाखवा. काम तेवढंच होतं.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, पाच-सहाच शब्द बोलतो. रील बघून फुंकर मारण्याचे व्यायाम आणि गालांचा मसाज सुरू केलाय. सासूबाई वेखंड चाटवा म्हणतात. (हडपसर)

ताई, तिन्ही थांबवा आणि याच आठवड्यात त्याची श्रवणचाचणी करून घ्या. हाक मारली की बघतो, म्हणजे सगळं ऐकू येतं असं नसतं. दोन वर्षांच्या आसपास मुलं साधारण पन्नासेक शब्द बोलतात आणि दोन शब्द जोडू लागतात. त्यामुळे ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून आता वाट पाहू नका.

फुंकर मारून फुंकर चांगली होते. त्यानं बोलणं येतं याला भक्कम पुरावा नाही. वेखंडानं जीभ सुटत नाही, उलट लहान मुलांना उलट्या होऊ शकतात. सासूबाईंना काळजी वाटते म्हणून त्या सांगतात, तेव्हा त्यांनाही चाचणीला सोबत न्या.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. फॉलोअर किती आहेत ते बघू नका. तोवर भाजी निवडताना त्याला जवळ बसवा. त्यानं वांग्याकडे बोट दाखवलं, की ‘वांगं. वांगं हवं?’ म्हणा आणि थोडं थांबा. ‘म्हण, म्हण’ असा तगादा लावू नका. तो ‘वा’ एवढंच म्हणाला तरी वांगं त्याच्या हातात द्या.