वाचकांचे प्रश्न : फ्रेंच मूकपट पाहताना

प्रश्न : फ्रान्समधल्या मूकपटांची फार स्तुती वाचली, म्हणून दोन-तीन पाहिले. पण पडद्यावरची माणसे तुरुतुरु पळतात आणि करुण प्रसंगातही हसू येते. त्या काळी अभिनय असाच करत असत का?

उत्तर : असा करत नसत. दोष नटांचा नाही, आपण पाहिलेल्या प्रतीचा आहे. 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये चलच्चित्राचे आद्य प्रवर्तक लुमिएर बंधूंनी तिकीट लावून आपला पहिला खेळ केला, तेव्हा त्यांचे यंत्र हाताने दांडा फिरवून चालवावे लागे आणि सेकंदाला साधारण 16 चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिरचित्रे, पुढे सरकत. पुढची तीसेक वर्षे हा वेग कमीजास्त होत राहिला. कधी छायालेखकाच्या हाताप्रमाणे, तर कधी चित्रगृहाच्या सोयीप्रमाणे. बोलपट आल्यावर मात्र आवाज बेसूर होऊ नये म्हणून सेकंदाला 24 चौकटींचा वेग कायमचा ठरला. 16 च्या वेगाने टिपलेली फिल्म 24 च्या वेगाने दाखवली की तासाभराचा चित्रपट 40 मिनिटांत संपतो आणि शोकाने कोसळणारी स्त्री धडपडल्यासारखी दिसते. मूकपटाबद्दल मत बनवण्यापूर्वी आपण कोणती प्रत, कोणत्या वेगाने पाहिली एवढे स्वतःला विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी? फार लांबलचक नको.

उत्तर : द्मित्री किर्सानोफ यांच्या 1926 च्या ‘मेनिलमाँताँ’ने करावी. पॅरिसमधल्या एका कष्टकरी वस्तीचे नाव घेतलेला हा चित्रपट सुमारे 40 मिनिटांचा आहे आणि त्यात मजकुराची एकही पाटी नाही. मूकपटांत संवाद आणि निवेदन पाट्यांवर लिहून दाखवण्याची सर्रास प्रथा होती. किर्सानोफ यांनी ती बाजूला ठेवून दोन अनाथ बहिणींची सगळी कथा केवळ चित्रांतून सांगितली. त्यातला बाकावरचा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. धाकटी बहीण तान्हे मूल कुशीत घेऊन थंडीत बागेतल्या बाकावर बसली आहे. शेजारी एक म्हातारा आपली शिदोरी सोडून पाव खातो आहे. तिची नजर त्या पावावर जाते आणि लगेच वळते. म्हातारा तिच्याकडे न पाहता दोघांच्या मधल्या जागेत पावाचा तुकडा ठेवतो. ती तो उचलते आणि खाता खाता तिचे डोळे भरून येतात. नादिया सिबिर्स्काया या अभिनेत्रीने इथे लाज, भूक आणि कृतज्ञता एकापाठोपाठ एक चेहऱ्यावर आणली आहे. घाईने पळणाऱ्या प्रतीत हा प्रसंग काही क्षणांत उरकतो, म्हातारा न पाहता पाव सरकवतो त्यातली अदब हरवते, आणि चित्रपटाचा प्राणच जातो.

प्रश्न : फ्रान्सची वीरकन्या ‘जोन ऑफ आर्क’ हिच्यावरचा प्रसिद्ध मूकपट आगीत नष्ट झाला असे एके ठिकाणी वाचले. मग आज दाखवतात तो कोणता? आणि दिग्दर्शक डेन्मार्कचे असताना त्याला फ्रेंच का म्हणावे?

उत्तर : दुसरा भाग आधी घेतो. कार्ल ड्रायर डॅनिश खरे, परंतु निर्मिती फ्रेंच कंपनीची, चित्रीकरण फ्रान्समधले, जोनची भूमिका करणाऱ्या फाल्कोनेती पॅरिसच्या रंगभूमीवरच्या आणि पटकथेचा आधार 1431 मध्ये फ्रान्समधल्या रूआँ येथे जोनवर चाललेल्या खटल्याची कागदपत्रे. तेव्हा फ्रेंच म्हणण्यात काहीच चूक नाही.

आता आगीविषयी. हा चित्रपट 1928 चा. पॅरिसमध्ये दाखवण्यापूर्वी धर्माधिकाऱ्यांच्या आणि सरकारच्या आग्रहावरून त्याची काटछाट झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनमध्ये लागलेल्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाले. ड्रायर यांनी हार न मानता वगळलेली दृश्ये जुळवून चित्रपट पुन्हा उभा केला, तर ते निगेटिव्हही आगीने गिळले. त्यानंतर अर्धशतक जगाने पाहिल्या त्या तुटक, कापलेल्या आवृत्त्या. 1952 च्या एका आवृत्तीला तर परकी संगीतसाथ चिकटवली होती आणि ती स्वतः ड्रायर यांना मान्य नव्हती. मग 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले. त्यांत काटछाटीपूर्वीची प्रत होती. आज जाणकार जी दाखवतात ती हीच. ती अवश्य पाहावी, कारण हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे चेहऱ्यांच्या समीपदृश्यांवर (क्लोज-अपवर) उभा आहे. नटांना रंगभूषा करू दिलेली नव्हती, त्यामुळे स्वच्छ प्रतीत फाल्कोनेती यांच्या कोरड्या ओठांवरच्या भेगाही दिसतात. पुसट प्रतीत हे सगळे एका पांढऱ्या डागात विरून जाते.

प्रश्न : फ्रेंच दिग्दर्शक मेलिएस यांच्या चंद्रावरच्या सफरीच्या चित्रपटाची रंगीत आवृत्ती पाहिली. हे रंग अलीकडे संगणकाने भरले का?

उत्तर : हे रंग त्या काळचेच आहेत. 1902 च्या या चित्रपटाच्या काही प्रती हाताने रंगवून विकल्या जात. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइलिए यांच्या कार्यशाळेत अनेक स्त्रिया हे काम करीत आणि प्रत्येकीकडे एकेक रंग सोपवलेला असे. अशी एक प्रत 1993 मध्ये बार्सिलोनात मिळाली, तेव्हा फिल्मचे वेटोळे चिकटून दगडासारखे झाले होते. त्यातल्या 13,000 हून अधिक चौकटी वर्षानुवर्षे हळूहळू सुट्या करून दुरुस्त केल्या गेल्या आणि 2011 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्या पुन्हा पडद्यावर आल्या. संगणक वापरला तो हा जीर्णोद्धार करण्यासाठी.

प्रश्न : आबेल गाँस यांचा ‘नेपोलियन’ हा मूकपट घरी पाहिला तर चालेल का?

उत्तर : बराचसा चालेल. शाळेच्या अंगणातली बर्फाच्या गोळ्यांची लढाई घरच्या पडद्यावरही श्वास रोखायला लावते. परंतु शेवटासाठी गाँस यांनी तीन कॅमेरे लावले आणि 1927 मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात ती दृश्ये तीन प्रक्षेपकांनी शेजारीशेजारी तीन पडद्यांवर दाखवली. घरच्या पडद्यावर तिन्ही चित्रे एकत्र बसवायची तर वर-खाली काळे पट्टे येतात आणि मधे अरुंद चिंधी उरते. म्हणजे पडदा जिथे तिपटीने रुंदावायला हवा, नेमका तिथेच तो आकसतो. 2024 मध्ये फ्रेंच सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयाने सुमारे सात तासांची जीर्णोद्धारित आवृत्ती लोकांसमोर आणली आहे. ती मोठ्या पडद्यावर, वाद्यवृंदासह पाहण्याची संधी आली, तर निदान शेवटच्या भागासाठी तरी आपण तिथे असावे.