हप्ता शून्य, मग पैसे भरतं कोण?

प्रश्न : माझी मोठी ताई आणि जिजाजी न्यू जर्सीत मुलाकडे असतात. दोघंही सत्तरीपुढचे, तिथले नागरिक. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आहे. आता एका खासगी कंपनीचं पत्र आलंय : हप्ता शून्य, वर दात आणि चष्माही त्यात. इकडे माझ्या पॉलिसीचा हप्ता दरवर्षी चढतोच आहे. मग त्यांना परवडतं कसं? फसवणूक तर नाही?
– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर

उत्तर : फसवणूक नाही, निर्धास्त राहा. या योजनांना तिकडे मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात. अमेरिकेचं सरकार दर सभासदामागे कंपनीला महिन्याला ठरावीक रक्कम देतं. वसतिगृहाच्या मेसला माणशी पैसे मिळतात ना, तसंच. पोरगं जेवलं काय नि गावी गेलं काय. हा पैसा पगारातून कापलेल्या करातून, सरकारी तिजोरीतून आणि ‘पार्ट बी’च्या, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांचा खर्च देणाऱ्या भागाच्या, हप्त्यातून येतो. पार्ट बीचा हप्ता ताईंना सहसा चुकत नाही. 2025 मध्ये तो बहुतेकांना महिन्याला 185 डॉलर होता. पत्रातला शून्य त्याच्यावरचा.

दात-चष्म्याचं असं की सरकार काउंटीनिहाय, म्हणजे जिल्ह्यानुसार, माणशी खर्चाचा एक आकडा ठरवतं आणि कंपनी बोली लावते. बोली कमी आली, तर फरकातला काही भाग कंपनीला मिळतो. तो सभासदांच्या सोयींवरच खर्चावा लागतो.

आजारी माणसामागे रक्कम जास्त मिळते, आणि इथेच जपायला हवं. माझी आत्या तिकडेच असते. कंपनीची नर्स घरी आली, तासभर बसली, गोळ्यांच्या डब्या टेबलावर मांडून एकेक नाव लिहून घेतलं. आत्याला वाटलं, किती काळजी! पण नोंदलेल्या आजारामुळे कंपनीचा मोबदला वाढू शकतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे गुडघ्याच्या एमआरआयसाठी त्याच कंपनीची आधी मंजुरी लागली, आणि ती यायला तीन आठवडे गेले. तोवर आत्या जिना बसून बसून उतरायची. मी आयुष्यभर विम्याचंच काम केलं, तरी याचा राग अजून जात नाही.

म्हणून ताईंना सांगा, सही करण्याआधी आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून योजनेचं पूर्ण नाव सांगायचं आणि ‘ही घेता का?’ असं विचारायचं. मंजुरी कशाकशाला लागते, वर्षाला खिशातून जास्तीत जास्त किती जाईल, तेही लेखी घ्यायचं. निवड 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबरमध्ये करता येते. पुढे मूळ, म्हणजे थेट सरकारच्या, मेडिकेअरकडे परतता येतं. पण तिच्या जोडीची पूरक पॉलिसी बहुतेक राज्यांत तब्येत पाहून नाकारली जाऊ शकते. सत्तरीनंतर ही गोष्ट लहान नाही.

आणि दोघं हिवाळ्यात नागपूरला येत असतील, तर प्रवासाचा विमा वेगळा काढायला सांगा. मूळ मेडिकेअर इथल्या दवाखान्याचं बिल देत नाही.