नवी टर्बो गाडी ऑइल का खाते?

प्रश्न : काका, नमस्कार. मार्चमध्ये मी दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी घेतली. सहा वर्षं पैसे साठवून घेतलेली ही माझी पहिली जोरकस गाडी. मामा म्हणाले, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर नेऊ नकोस. म्हणून फक्त बाणेर ते हिंजवडी, तेही जपून चालवली. दर रविवारी ऑइलची पट्टी बघत होते. ९०० किलोमीटरपर्यंत ऑइल तसूभर हललं नाही. मग आम्ही गोव्याला गेलो, हायवेला क्रूझ कंट्रोलवर १०० धरून. परत येताना घर जवळ आलं आणि १,८०० ला ऑइलचा पिवळा दिवा लागला. एक लिटर टाकावं लागलं. ३,१०० ला अर्धा लिटर टाकलं. परवा ४,२०० ला ३०० मिली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘मॅडम, नॉर्मल आहे.’ बाबांची जुनी गाडी दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभर ऑइल मागत नसे. इंजिनात दोष आहे आणि मला गुंडाळलं जातंय, असं समजू का?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : तुम्ही किलोमीटर आणि मिली लिहून ठेवलेत, म्हणून तुम्हाला नेमकं काही सांगता येतंय. बहुतेक पत्रांत ‘गाडी फार ऑइल खाते’ एवढंच असतं, आणि त्यावर कुणालाच काही बोलता येत नाही.

तर तुमचेच आकडे घेऊ. दर वेळी त्याच खुणेपर्यंत ऑइल भरलंत असं धरतो. पहिल्या १,८०० किलोमीटरला एक लिटर, म्हणजे हजारी सुमारे ५५० मिली. पुढच्या १,३०० ला अर्धा लिटर, म्हणजे हजारी ३८५ च्या आसपास. शेवटच्या १,१०० ला ३०० मिली, म्हणजे हजारी २७० च्या घरात. आकडा उतरतोय. तुमच्या इंजिनाच्या रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतालच्या धातूच्या कड्या, बसायला लागल्या आहेत, फक्त उशिरा. दोष असता तर हा आकडा एका जागी अडून बसला असता किंवा चढला असता.

आता तुम्हाला खरा धक्का बसला तो गोव्याहून येताना. ९०० किलोमीटर काही नाही आणि पुढच्या ९०० त एकदम लिटरभर! माझी खात्री आहे, ऑइल पहिल्या दिवसापासून जात होतं. ते दिसत नव्हतं, कारण त्याची जागा पेट्रोल भरून काढत होतं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. तुमच्यासारख्या गाडीत ते पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यातलं थोडं बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, थंड भिंतीला लागतं आणि रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. बाणेर–हिंजवडी हे अंतर इंजिनाच्या दृष्टीने फार थोडं. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून कोमटच असतं, आणि कोमट ऑइलमधून पेट्रोल नीट उडून जात नाही. पट्टीवर रेषा तीच दिसते, पण त्या रेषेत थोडं पेट्रोल असतं. गोव्याच्या रस्त्यावर तासन्‌तास ऑइल चांगलं तापलं, पेट्रोलची वाफ झाली, आणि आधीच गेलेलं ऑइल तुम्हाला त्या दिवशी दिसलं. पुढच्या वेळी पट्टी हुंगून बघा. पेट्रोलचा वास लगेच कळतो.

आता रिंगांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मामांचा सल्ला आणि तुमचं क्रूझ कंट्रोल या दोन्ही गोष्टी तिथेच येऊन मिळतात.

माझी तीस वर्षं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर कोरून आतून दगडाने घासायच्या, मशिनवर गेली. होनिंग झालेला बोअर जवळून पाहिलात तर त्यावर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. अंगठ्याचं नख आडवं ओढलं की बारीक खरखर लागते. या रेघांत ऑइल थांबतं. दोन रेघांच्या मधली टोकं रिंगेने घासून सपाट करायची असतात. तसं झालं की रिंग भिंतीला सगळीकडून टेकते, आणि यालाच आपण ‘रिंगा बसल्या’ म्हणतो. पण रिंग भिंतीवर दाबते ती काही फक्त स्वतःच्या ताणाने नाही. पेट्रोल पेटलं की त्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. पाय हलका ठेवला की तो दाब कमी, दाब कमी की घासणं कमी. घासणं राहून गेलं की ऑइलचा पापुद्रा बोअरवर भाजत जातो आणि वार्निशसारखा चकचकीत थर धरतो.

हा थर मी हाताने काढलेला आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी जीपचं इंजिन आमच्याकडून बोअर करून नेलं. नवं इंजिन जपायचं म्हणून ते रोज सकाळी दोन तास दारात नुसतं चालू ठेवायचे, आणि रस्त्यावर काढलं की तीसच्या वर जायचे नाहीत. दीड महिन्यात जीप निळा धूर सोडत परत आली. हेड उतरवलं तर बोअर आरशासारखा चकाकत होता, आणि त्या चकाकीखाली आमच्या होनिंगच्या रेघा जशाच्या तशा, न घासलेल्या. नख ओढलं तर खरखर नाही, सरळ घसरलं. मी पुन्हा दगड फिरवला, गरम पाण्याने आणि साबणाने बोअर धुतला, पांढऱ्या फडक्याला करडा डाग लागेनासा होईपर्यंत पुसला आणि नव्या रिंगा घातल्या. त्यांचा खर्च दुप्पट झाला. त्यांना रिंगांचं कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही नाही. त्यानंतर आमच्या दुकानातून एकही इंजिन चार ओळी लिहून दिल्याशिवाय बाहेर गेलं नाही.

आजच्या कारखान्यांत बोअरला शेवटी बारीक दगड फिरवून ती टोकं आधीच सपाट करून देतात, त्यामुळे नवी गाडी त्या जीपइतकी हट्टी नसते. पण थोडं काम चालवणाऱ्यासाठी उरतंच. मामांचा सल्ला त्यांच्या काळातल्या इंजिनांना आणि ऑइलला धरून होता, त्यांना दोष देऊ नका. तुमच्या गाडीला मात्र ९०० किलोमीटर फार हलका पाय मिळाला आणि पुढचे ९०० एकाच वेगाचे. रिंगा बसायला बदलता भार लागतो, आणि या दोन्हींत तो नव्हता.

४,२०० ला उशीर झाला आहे का? नाही. एखाद्या रविवारी सकाळी लवकर साताऱ्याकडे निघा. खेड शिवापूर, शिरवळ मागे पडेपर्यंत ऑइल चांगलं तापलेलं असेल. खंबाटकीचा चढ लागला की दुसरा गिअर धरून ठेवा. रस्ता मोकळा बघून २,००० आरपीएमपासून ४,५०० पर्यंत दोन-तृतीयांश पाय देऊन चढू द्या. मग पाय पूर्ण उचला आणि गाडी इंजिनावर २,००० पर्यंत उतरू द्या. दुसऱ्या गिअरला वेग फार होत नाही, भार मात्र भरपूर मिळतो. असं दहा-बारा वेळा करा. पाय दिलात की रिंगा दाबल्या जातात. उचललात की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, थोडं ऑइल वर खेचलं जातं आणि घासलेल्या धातूची भुकटी धुतली जाते. त्या ओढीमुळेच आंबोलीसारखा लांब उतार इंजिन ब्रेकवर उतरून खाली पाय दिला की नव्या गाडीतून कधीकधी निळसर भपका येतो. एखादा भपका आला तर घाबरू नका. सतत निळा धूर येत असेल तर मात्र गाडी दाखवा.

‘नॉर्मल आहे’ या उत्तराबद्दल. आकडा म्हणून ते चूक नाही. फोक्सवॅगन गटाच्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं छापलेलं असतं, आणि पहिल्या ५,००० किलोमीटरला त्याहून जास्तही. अर्धा लिटर ऐकायला मोठं वाटतं. हिशेब करून बघा. ताशी ६० आणि २,५०० आरपीएम धरलं तर हजार किलोमीटरला हजार मिनिटं लागतात, म्हणजे इंजिनाचे २५ लाख फेरे. चार पिस्टन मिळून १ कोटी वेळा खाली येतात. अर्ध्या लिटरमध्ये साधारण १०,००० थेंब. म्हणजे पिस्टन हजार वेळा खाली येतो तेव्हा कुठे एक थेंब जळतो. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब मोठा, पेट्रोल वाचवण्यासाठी रिंगांचा ताण कमी ठेवलेला, ऑइल पातळ, आणि टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, दांड्याला सतत तेच ऑइल लागतं. बाबांच्या साध्या गाडीशी तुलना करून जीव टांगणीला लावू नका.

पण उत्तर म्हणून ते अपुरं आहे, आणि त्याबद्दल मला राग येतो. पैसे मोजून गाडी घेतलेल्या माणसाला एका शब्दात वाटेला लावायचं नसतं. तुमची वही घेऊन जा, तीन आकडे दाखवा, आणि ७,००० किलोमीटरपर्यंतही हजारी २५० च्या खाली आलं नाही तर ऑइल खपाची रीतसर चाचणी लेखी मागा. त्यात ऑइल खुणेपर्यंत भरतात, झाकण आणि ड्रेन बोल्टला सील लावतात, हजार किलोमीटरनंतर मोजतात. वॉरंटीत हा कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. त्याआधी एकदा गाडी वर घेऊन ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि टर्बोची परतीची नळी ओली आहे का एवढं बघून घ्या. कधीकधी ऑइल जळत नसतं, गळत असतं.

मोजताना गाडी सपाट जागी, इंजिन गरम, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं. आणि एकाच पंपावर, त्याच फरशीवर. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत लिटरभराचं अंतर असतं, म्हणून खालच्या खुणेची वाट बघू नका, पण वरच्या खुणेवरही जाऊ नका. जास्त झालेलं ऑइल क्रँकच्या माऱ्याने फेसाळतं आणि नको तिथून बाहेर पडतं. डिकीत कंपनीच्या नंबरचंच एक लिटर ऑइल ठेवा.

आणि ५,००० झाले की मला पुढचा आकडा जरूर कळवा.

प्रश्न : माझीही नवी टर्बो गाडी आहे. कंपनी म्हणते ऑइल १५,००० ला बदला. गॅरेजवाला म्हणतो १,००० ला बदला आणि २०डब्ल्यू५० टाका, घट्ट ऑइल जळत नाही. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऑइल लवकर बदलण्यात तुमचा गॅरेजवाला अर्धा बरोबर आहे, घट्ट ऑइलच्या बाबतीत पूर्ण चूक. तुमच्या इंजिनाच्या बेअरिंगच्या फटी, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टर्बोची बारीक छिद्रं पातळ ऑइल धरून बनवलेली आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की घट्ट ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दांडा तोवर कोरडा फिरतो. टोपणावर किंवा पुस्तिकेत जो नंबर असेल तोच, उदाहरणार्थ ०डब्ल्यू२० किंवा ५डब्ल्यू३०, त्यावरच्या कंपनीच्या मान्यतेच्या क्रमांकासकट.

पहिल्या ऑइलबाबत कंपन्यांचंच एकमत नाही. बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांचं, म्हणजे खास वेगवान मॉडेल्सचं, इंजिन ऑइल आणि डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल २,००० किलोमीटरलाच बदलायला लावते. होंडा सांगते, कारखान्यातलं पहिलं ऑइल लवकर काढू नका. म्हणून आधी स्वतःची पुस्तिका. तिथे मनाई नसेल तर माझ्या मते ५,००० ला एकदा बदलावं. नव्या इंजिनाची भुकटी फिल्टर धरतो, पण आत उतरलेलं पेट्रोल फिल्टरला धरता येत नाही. बिल जपून ठेवा, आणि कंपनीचं नेहमीचं सर्व्हिसिंग त्यामुळे चुकवू नका.

प्रश्न : काका, मी म्युनिकला असतो. पुढच्या महिन्यात बीएमडब्ल्यूच्या एम गाडीची डिलिव्हरी आहे. मित्र म्हणतात, ऑटोबानवर पहिल्याच दिवशी पळव, म्हणजे इंजिन मोकळं होतं. पुस्तिकेत मात्र २,००० किलोमीटरपर्यंत ५,५०० आरपीएम आणि १७० ची मर्यादा आहे.
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : पुस्तिकेचं ऐका. वर मी भार द्या म्हणालो तो मधल्या आरपीएमचा भार. रिंगांना दाब हवा असतो, पण नव्या बेअरिंगला आणि डिफरन्शियलच्या दातांना एकदम उष्णता नको असते, आणि ऑटोबानवर सलग वेग धरला की नेमकी तीच वाढते. पहिले ३०० किलोमीटर नव्या टायरची पकड पुरी नसते, आणि ब्रेक पॅड-डिस्क बसायला ५०० च्या आसपास लागतात, हाही विचार करा. ऑटोबान सोडून आल्प्सच्या पायथ्याकडे टेगर्नझे, श्लिअरझेच्या चढउताराच्या रस्त्यांनी दोन-तीन शनिवार फिरा. गिअर सारखे बदलतील, पाय सारखा वर-खाली होईल, इंजिनाला हवं ते सगळं मिळेल. २,००० ची तपासणी झाली की त्याच दिवशी पूर्ण पाय देऊ नका. पुढच्या काही शे किलोमीटरांत थोडं थोडं वाढवत न्या, आणि दर वेळी आधी ऑइलचं तापमान वर आलं आहे ना, ते बघा.