फेरोमोन कमी आहेत म्हणून मुली नकार देतायत का?

तासगाव भागातला मुलगा, वय २९, द्राक्षबाग आणि थोडा हरभरा. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) सात ठिकाणी बघायचा कार्यक्रम झाला आणि सगळीकडनं "कळवतो" म्हणून पुढं काहीच नाही. सांगलीत माझ्याकडं समुपदेशनाला आला तेव्हा पिशवीतनं एक बाटली काढून टेबलावर ठेवली, ऑनलाइन मागवलेला फेरोमोन (जोडीदाराला ओढून घेणारा अंगचा वास) परफ्युम, आणि म्हणाला, मॅडम माझ्या अंगात हेच कमी आहे, रीलमधे सांगितलंय बायकांना ते नकळत जाणवतं, आठव्या ठिकाणी मारून गेलो तरी नकारच, म्हणजे मी बादच ना.

दोन महिने तो दिवसातनं तीनदा अंघोळ करत होता आणि कुणाच्या शेजारी बसायचं टाळत होता. असा त्रास घेऊन बरेच जण येतात, आणि घरचे "काहीतरीच असतंय तुझं" म्हणून सोडून देतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मी विचारलं, हरभऱ्यात कामगंध सापळे लावता का? लगेच खुलला. घाटे अळीचे लावतो, ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदलायची, सगळं सांगितलं. म्हटलं अडकतं कोण त्यात? "नर पतंग. मादीचा वास असतोय ना त्यात." आणि स्वतःच थांबला. मग ती ल्युअर लावून वांग्यातली शेंडा अळी आवरती का? तर नाही, तिची वेगळी. फेरोमोन म्हणजे हेच, त्या त्या जातीचा ठरलेला वास. १९५९ मधे जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा शोधला तेव्हा जवळपास ५ लाख पतंग आणि २० वर्षं लागली होती. डुकरातही आहे, नराच्या लाळेतल्या वासानं माजावरची मादी जागेवर उभी राहते. माणसाचा असा एकही पदार्थ अजून सिद्ध झालेला नाही, ऑक्सफर्डच्या ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ मधे सगळा पुरावा तपासून तेच लिहिलंय. उंदराच्या नाकात फेरोमोन ओळखणारा वेगळा अवयव असतो, आपल्यात त्याची नुसती खळी उरलीय, ती पण काहींच्यातच, आणि तिथनं मेंदूकडं जाणारी नस सापडत नाही. मग बाटलीत भरलंय काय, हे त्यानंच विचारलं.

वासाला काहीच किंमत नाही असं मात्र मी त्याला सांगितलं नाही, तान्ह्या बाळाला आईचा वास ओळखू येतो, घामाचा वास नकोसा वाटतो, पण त्याला एक अंघोळ आणि धुतलेला शर्ट पुरतो.

मग विचारलं, कार्यक्रमात मुलीशी काय बोललात? आठही ठिकाणी एक वाक्य नाही! मामा बोलायचे, पाणी कुठलं, बाग किती, आणि हा पोह्यांच्या बशीकडं बघत बसलेला. दोन ठिकाणी मध्यस्थानं तोंडावर सांगितलं होतं की शेतकरी नवरा नको. हे सांगताना पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला, आणि पुढची तीन सेशन आम्ही त्यावरच बोललो, कारण तो नकार खरा होता आणि त्यात ह्याची काही चूक नव्हती.

नवव्या ठिकाणी त्यानं मामांना आधीच सांगून ठेवलं, मला मुलीशी जरा एकट्याला बोलू द्या. तिनं विचारलं छाटणीनंतर बागेत काय काय काम असतं. "अर्धा तास बोलत होतो मॅडम." निरोप अजून आलेला नाही. अंघोळ एकदाच करतो आता.