पाचव्या दिवसाची डोकेदुखी

प्रश्न : माझ्या मुलीला पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात झटके आले. तातडीने सिझर केलं. नात सव्वा किलोची होती, आता चार वर्षांची आहे. मुलीला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना सरत आलाय. सासरचे म्हणतात, बाहेरचं होतं, उतरवलं, आता होणार नाही. खरंच होणार नाही ना?
— एक आई, जि. सोलापूर

उत्तर : ताई, बाहेरचं काही नव्हतं. वार, म्हणजे बाळाला आईकडून रक्तपुरवठा मिळवून देणारा भाग, गर्भाशयात नीट रुजली नाही की विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढू शकतो, लघवीतून प्रथिनं जातात आणि वेळेवर आवरलं नाही तर झटके येतात.

पुन्हा होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. इतक्या लवकर बाळंतपण करावं लागलेल्या तिघींपैकी साधारण एकीला रक्तदाबाचा हा त्रास परत होतो. पण तुम्ही वेळेत विचारलंत. बाराव्या आठवड्यापासून रोज छोट्या मात्रेची अॅस्पिरिन घेतली तर धोका कमी होतो. गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि याच आठवड्यात जा.

मी ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा असा रक्तदाब चढलेल्या बाईला झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन द्यायचो, शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. फार दुखतं ते. नातेवाईक आमच्यावर चिडायचे. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासातून दिसलं, की याने झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो.

आता मला खरी काळजी आहे ती बाळंतपणानंतरची. बाळ हाती आलं की घरच्यांना वाटतं, सुटलो. रक्तदाब मात्र तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढतो, म्हणजे नेमका बाळंतीण घरी आल्यावर. एक बाळंतीण पाचव्या दिवशी डोकं धरून बसली होती. सासू म्हणाली, कान बांधला नाही, वारं लागलं. शेक दिला, बाम चोळला. आमच्याकडे आणली ती झटके देतच. वाचली, नशीब.

म्हणून डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, यातलं काहीही दिसलं की 108 ला फोन. सकाळची वाट बघू नका. रक्तदाबाचा वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला तर काही दुखत नसलं तरी निघा. घरी मशीन घ्याल तर दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको.

आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड सासरी कपाटात असेल, ते आजच मागवून घ्या.