जुना लॅपटॉप: १६ जीबीचा आय७ की ८ जीबीचा आय५?

ताई, तुम्ही सांगितलेले दोन्ही मॉडेल बघितले. एकात प्रोसेसर आय७ ६५००यू, रॅम १६ जीबी, दुसऱ्यात आय५ ८२५०यू, रॅम ८ जीबी, दोन्हीत एसएसडी म्हणजे फास्ट डिस्क, किंमत जवळपास सारखीच, आणि काम म्हणजे चादरीच्या दुकानाची टॅली, कोरलड्रॉमधे डिझाइन अन ब्राउझरमधे सतत दहा-पंधरा टॅब. मी तर म्हणतो आय५ वाला घ्या.

दुकानदाराने २.५ आणि १.६ गिगाहर्ट्झ असे आकडे दाखवले ना, तिथंच माणूस फसतो बघा. तो नुसता बेस स्पीड, म्हणजे नेहमीचा वेग आहे. ६५००यू चं नाव आय७ असलं तरी आत कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, दोनच, ८२५०यू ला चार, आणि लोड आला की हा ३.४ पर्यंत जातो, तो आय७ ३.१ लाच थांबतो. यू वाल्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉप प्रोसेसरमधे सातव्या जनरेशनपर्यंत आय७ पण दोन कोअरचाच यायचा, २०१७ ला आठवी आली तेव्हा चार झाले. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत ६५००यू नाही, ८२५०यू आहे. जीएसटी, बँक सगळं त्याच्यावरच करणार तर अपडेट पाहिजेतच.

आता रॅम. ती कमी असली तरी चालेल असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडं सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग बघितलेत ना, माग कितीही फास्ट असू दे, हाताशी सुतानं भरलेल्या कांड्या नसल्या की थांबतोच. माग म्हणजे प्रोसेसर, रॅम म्हणजे त्या हाताशी ठेवलेल्या कांड्या. ती भरली की विंडोज डेटा डिस्कवर टाकतं, परत आणतं, आणि जुनी हार्डडिस्क असली तर माऊससुद्धा हलत नाही. एसएसडीवर त्रास कमी होतो पण जात नाही. ८ जीबीत तुमचं काम सुरू होईल, कोरल आणि टॅब एकदम उघडले की कमी पडायला लागेल, तेव्हा अजून ८ ची पट्टी टाकायची. प्रोसेसर मात्र बोर्डालाच सोल्डर असतो, तो नंतर बदलता येत नाही.

पण पट्टी टाकायला जागा आहे का ते आधी बघा, मी इथंच मार खाल्लाय. ४ जीबीचा पातळ लॅपटॉप घेतला, रॅम वाढवू नंतर म्हणून, आणि नवी पेठेत खोलून बघितला तर रॅम पण सोल्डर, स्लॉट एकही नाही. दोन वर्षं तसाच ओढला, टॅली उघडली की ब्राउझर बंद करायचा.

घ्यायच्या आधी अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पंखा धुळीनं भरलेला असला तर प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो, मग चार कोअरचा काय उपयोग. पंखा बोंबलत असेल तर साफ करून, नवी थर्मल पेस्ट लावूनच द्या म्हणायचं.

आणि दुकानात असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, परफॉर्मन्समधे मेमरीवर क्लिक करा, खाली किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. त्याचा फोटो पाठवा, पट्टी कोणती लागेल ते मी बघून सांगतो.